तिसरीचे चाक

शर्यत म्हटली की पहिला कोण आला, एवढेच विचारायची आपल्याकडे रीत आहे. दुसऱ्याचे नाव वर्तमानपत्रात दुसऱ्या ओळीत येते आणि तिसऱ्याचे नाव त्याच्या घरची माणसे कात्रण काढून जपून ठेवतात. म्हणूनच गेल्या जानेवारीत साताऱ्यात बायकांची जी सायकल शर्यत झाली, तिच्या पत्रकातला एक नियम मी दोनदा वाचला. चौघींचा एक संघ. चौघींनी एकदम निघायचे. आणि संघाची वेळ धरायची ती तिसरीचे चाक रेषेवरून जाईल तेव्हाची! पहिली विजेसारखी येऊन पोचली, तरी घड्याळ तिच्याकडे ढुंकून बघणार नाही. दुसरीकडेही नाही. चौथी वाटेत राहिली तरी कुणाची तक्रार नाही. घड्याळ थांबणार ते फक्त तिसरीसाठी.

आणि आमच्या संघातली तिसरी मी होते.

वर्षभर या सदरातून मी तुम्हांला शब्दांच्या आणि शब्द वापरणाऱ्यांच्या गोष्टी सांगत आले. मराठी शिकवणाऱ्या बाईकडून दिवाळीला आकाशकंदिलाचा किंवा अभ्यंगस्नानाचा एखादा लेख यावा, अशी तुमची अपेक्षा असेल. पण यंदा चकलीच्या सोऱ्यापेक्षा सायकलचे हँडलच माझ्या हातात जास्त वेळ होते. तेव्हा फराळाचे ताट मांडीवर घेऊन ही सायकलची गोष्ट ऐका.

शर्यत हौशी बायकांची होती, ऑलिंपिकला जाणाऱ्यांची नव्हे. अठरा वर्षांपुढच्या कोणाही बाईने यावे, डोक्याला हेल्मेट असावे आणि ब्रेक लागत असावेत, एवढ्याच अटी. रस्ता कोरेगावाहून सातारा आणि साताऱ्याहून यवतेश्वर. ज्यांनी हा मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. कोरेगाव ते सातारा हा अठरा-एकोणीस किलोमीटरचा रस्ता बराचसा सपाट आहे. दोन्ही हातांना उसाचे फड, सोबतीला जरंडेश्वराचा डोंगर. मग माहुलीला कृष्णा ओलांडायची. तिथेच तिला वेण्णा येऊन मिळते, आणि रामशास्त्री प्रभुण्यांचे गावही तेच. पुढे साताऱ्यात शिरून पोवई नाका, राजवाडा, समर्थ मंदिर, आणि तिथून कासच्या रस्त्याला लागून यवतेश्वरचा घाट. पावसाळ्याच्या अखेरीस कासची फुले पाहायला जाणारे सारे याच घाटाने वर जातात. मोटारीतून तो घाट गाण्याच्या दोन कडव्यांत संपतो. सायकलवर मात्र त्याचे प्रत्येक वळण आपली स्वतंत्र ओळख करून देते.

आता आमचा संघ. कर्णधार होत्या आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई. वय पन्नाशीच्या पुढे, बोलणे औषधाच्या चिठ्ठीसारखे मोजके आणि कधीकधी तितकेच दुर्बोध. दुसऱ्या सांगलीकर वहिनी. बँकेत अधिकारी, बदली होऊन साताऱ्याला आलेल्या. सांगलीचे रस्ते म्हणजे तळहात. लहानपणापासून विश्रामबाग ते मिरज अशी सायकल हाकलेली ही बाई सपाटीवर वाऱ्यासारखी सुटायची. चढ दिसला की मात्र म्हणायची, "आमच्याकडं चढ म्हणजे रेल्वेचा पूल. त्याच्यावर काही असतंय हे मला बदली झाल्यावर कळलं!" तिसरी मी. आणि चौथी माझ्याच वर्गातली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली जावळीच्या खोऱ्यातली एक मुलगी. तिचे नाव इथे घेत नाही, तिला संकोच वाटेल. आपण तिला धाकटी म्हणू. शनिवारी गावी जाणारी एस.टी. चुकली की ही मुलगी सायकलनेच मेढ्याच्या रस्त्याला लागायची. चढ-उतार हा शब्दच तिच्या कोशात नव्हता, तिच्या लेखी तो नुसता रस्ता होता.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा सासूबाई तीळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "संक्रांतीच्या आधी पाय मोडून घेऊ नकोस म्हणजे झालं. वाण कोण लुटणार?" एवढ्या सहज मिळालेल्या परवानगीने मला जरा चुकल्याचुकल्यासारखे झाले. कॉलेजात मात्र एका सहकाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवून विचारले, "मॅडम, या वयात?" हे ‘या वयात’ मराठीतले एक गमतीचे वाक्य आहे. त्याला क्रियापद लागत नाही. ऐकणाऱ्याने आपापल्या कुवतीप्रमाणे ते भरून घ्यायचे असते. मी "हो, या वयात" म्हणून तेच वाक्य त्यांना परत केले.

सायकलशी माझी ओळख तशी जुनी. माझ्या पिढीच्या मुलींना आठवीत किंवा नववीत ‘लेडीज सायकल’ मिळत असे. पुढे जाळीची बास्केट, चाकाला साडी-ओढणी अडकू नये म्हणून मागे जाळी, आणि मधली दांडी वाकवून खाली घेतलेली. भावाची सायकल दांडीची, बहिणीची बिनदांडीची. भावाच्या सायकलवरून बहीण चोरून शिकायची ती दांड्याखालून पाय घालून, अंगाचा कंस करून. बायकांच्या कपड्यांसाठी म्हणून जगभर ही सायकलची वेगळी जात निघाली, आणि कपडे बदलले तरी जात राहिली. शर्यतीच्या सायकली आणायला गेलो तेव्हा दुकानदाराने उंची विचारली, मांडीचे माप विचारले, आणि मधली दांडी सरळ असलेली एक-एक सायकल आमच्यापुढे उभी केली. सांगलीकर वहिनी दांडीवर हात फिरवून म्हणाल्या, "बघा, शेवटी आली वाट्याला!" धाकटीला मात्र सायकल विकत घेणे शक्य नव्हते. तिने डॉक्टरीणबाईंच्या मुलाची मागून घेतली.

सराव सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात मला एक नवी गोष्ट समजली. सायकल चालवताना आपण रस्त्याशी झुंजत नसतो, वाऱ्याशी झुंजत असतो. पहाटे झाडाचे पान हलत नसते, तरी तासाला तीस किलोमीटरच्या वेगाने निघालेल्या बाईला तीस किलोमीटरचा वारा समोरून लागतो. तो तिचा तिनेच निर्माण केलेला असतो. वेग दुप्पट केला की या वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. पण पुढच्या सायकलच्या अगदी मागे, वीत-दीड वीत अंतर ठेवून कुणी राहिली, तर तिला आडोसा मिळतो आणि तिचे जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचे श्रम वाचतात. म्हणून संघाने एका ओळीत जायचे. पुढची वारा कापते, मागच्या तिघी तिच्या आडोशाने जातात. पुढची दमली की ती बाजूला होऊन रांगेच्या शेवटी येते, दुसरी पुढे होते. असे आळीपाळीने. दूरवर जाणारे पक्षी ओळ करून उडतात, त्यातलेही इंगित श्रम वाचवण्याचेच.

हे ऐकताना सांगलीकर वहिनी हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे घरातल्यासारखंच की! एकीनं पुढं राहायचं, बाकीच्यांनी मागनं निवांत यायचं." त्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फरक आहे. इथं पुढची बदलते."

त्यांच्या बोलण्यात इतकी मोठी गोष्ट इतक्या थोड्या शब्दांत मी पहिल्यांदाच ऐकली. घरोघरी पहाटेच्या दुधापासून रात्रीच्या झाकपाकीपर्यंत वारा कापणारे एक चाक असते. ते दमले तरी बाजूला होत नाही, आणि मागच्यांना वारा लागत नसल्यामुळे वारा आहे हेच त्यांच्या गावी नसते. सायकलच्या संघात हे चालत नाही. पुढचीने हट्टाने पुढेच राहायचे म्हटले, तर ती दहा मिनिटांत संपते आणि तिच्यामागे संघही संपतो. तेव्हा वेळेवर बाजूला होणे ही इथे शक्तीइतकीच अकलेची गोष्ट आहे. डॉक्टरीणबाईंनी आम्हांला ते घड्याळ लावून शिकवले. प्रत्येकीने एक मिनिट पुढे राहायचे, एक सेकंदही जास्त नाही. जास्त राहणाऱ्या बाईला त्या शाबासकी देत नसत, रागावत असत.

माझी अडचण मात्र वेगळीच निघाली. ती धाकटीची होती.

या मुलीच्या पायांत आम्हां तिघींचे बळ एकत्र होते. पण ती पुढे जायलाच तयार नसे. तिची पाळी आली की ती माझ्या मागच्या चाकापाशी घुटमळायची. चढावर तर तिचे श्वासही वाढत नसत, आणि तरी ती माझ्यापेक्षा हातभर मागे! एकदा कास रस्त्यावर थांबून मी तिला विचारले, "तू मागे का राहतेस?" ती खाली बघून म्हणाली, "मॅडम, तुमच्या पुढं कसं जायचं?"

जिन्यात बाई दिसल्या की भिंतीला टेकून उभे राहावे, दारातून आधी त्यांना जाऊ द्यावे, बोलताना ‘अहो-जाहो’ करावे, हे त्या मुलीला घराने आणि शाळेने शिकवलेले. ते वाईट आहे असे मी कसे म्हणू? आमच्यासारख्या मास्तरणींची अर्धी मिळकत तर तीच आहे. पण सायकलला अहो-जाहो कळत नाही. तिला पुढे आणि मागे एवढेच कळते. डॉक्टरीणबाईंनी तिला समजावले, वहिनींनी दरडावले. ती "हो" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हातभर मागे.

ही सवय तिची एकटीची नव्हे, हे मला पुढे या खेळाचा इतिहास वाचताना पटले. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची रस्त्यावरची सायकल शर्यत १८९६ साली, अगदी पहिल्या अथेन्सच्या सामन्यांत झाली. बायकांना त्यासाठी १९८४ सालच्या लॉस एंजेलिसपर्यंत थांबावे लागले. अठ्ठ्याऐंशी वर्षे! तिथे अमेरिकेची कॉनी कार्पेंटर पहिली आली. जागतिक अजिंक्यपदाची गोष्ट तशीच. हौशी पुरुषांची शर्यत १९२१ साली सुरू झाली आणि बायकांची १९५८ साली, फ्रान्समधल्या रँस गावी. ती लक्झेंबर्गच्या एल्सी जेकब्सने जिंकली. ‘तुम्ही आधी व्हा’ असे बायकांनी फार वर्षे म्हटले, की म्हणायला लावले, हा वादाचा विषय आहे. पण आधी झाले ते पुरुषच, हे या सनांवरूनच दिसते.

त्या वाचनात मला एक समव्यवसायी भगिनीही भेटली. ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर. ही गणितातली डॉक्टर. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या विद्यापीठात संशोधन करायची आणि शिकवायची. सायकल हा तिचा पेशा नव्हता, कुठल्या व्यावसायिक संघाशी त्या वर्षी तिचा करार नव्हता. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलैला १३७ किलोमीटरच्या शर्यतीत ती निशाण पडताच पुढे निघाली. ऑस्ट्रियातर्फे ती एकटीच होती, वारा कापायला मैत्रीण नव्हती. सुरुवातीला चार परदेशी स्पर्धक तिच्याबरोबर निघाल्या, हळूहळू मागे पडल्या, आणि शेवटचे सुमारे एकेचाळीस किलोमीटर ती सर्वस्वी एकटी गेली. मागे हॉलंडचा चौघींचा संघ होता. चौघीही नामांकित. पण त्या शर्यतीत कानाला यंत्र लावून निरोप घेण्याची मुभा नव्हती. पुढे गेलेल्या दोघींना गाठले तेव्हा मागच्यांना वाटले, झाले, सगळ्या हाती लागल्या. हॉलंडची आनेमीक फान फ्लूटन रेषेवर आली ती दोन्ही हात उंचावून, सुवर्णपदकाच्या आनंदात. कीझनहोफर तिथे सव्वा मिनिट आधीच पोचलेली होती!

ही गोष्ट मी आमच्या संघाला सांगितली तेव्हा वहिनींना त्यात गणिताच्या बाईंचा पराक्रम दिसला. डॉक्टरीणबाईंना हॉलंडचा रोग दिसला. त्या म्हणाल्या, "चौघी होत्या. पण पुढे कोण आहे ते एकीलाही माहीत नव्हतं." धाकटी काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "मॅडम, त्या बाई एकट्याच पुढं गेल्या, तर त्यांना कुणी काही म्हणालं नाही?" मी म्हटले, "म्हणाले. सुवर्णपदक घ्या म्हणाले."

शर्यतीच्या पत्रकात आणखी एक ओळ होती, ती या मुलीच्या दृष्टीने महत्त्वाची. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत जलद चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. त्याच धर्तीवर इथे समर्थ मंदिर ते यवतेश्वर हा टप्पा जी सर्वांत कमी वेळात चढेल, तिला ‘घाटाची राणी’ म्हणून एक बक्षीस होते. ते संघाला नव्हे, एकटीला. आणि ते बक्षीस म्हणजे एक कोरी गिअरची सायकल. धाकटीने ती ओळ वाचली होती, हे मला ठाऊक होते. पत्रकाची तिची घडी नेमकी त्या ओळीवर मऊ पडली होती.

जानेवारीतल्या त्या रविवारी सकाळी सात वाजता कोरेगावला हातांची बोटे वळत नव्हती. सात संघ आले होते. दर अडीच मिनिटांनी एक संघ सुटत होता. गाळपाचा हंगाम, त्यामुळे आदल्या रात्री गेलेल्या ट्रॉल्यांतून पडलेली उसाची कांडी रस्त्याच्या कडेला होती. त्यांच्यावर चाक गेले की शर्यत संपलीच, म्हणून पुढची ओरडायची, "ऊस!" आणि मागच्या तिघी तोच मंत्र मागे पोचवायच्या. शेकोटीभोवती बसलेले म्हातारे शेतकरी, शाल गुंडाळलेल्या बायका, क्लासला निघालेल्या मुली, सारे बघत होते. पूर्वी अशी चार हेल्मेटवाली बायका-माणसे गेली असती तर लोक हसले असते. आता याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी धावून आली आहे. साताऱ्याचीच अदिती स्वामी सतराव्या वर्षी, २०२३ साली, तिरंदाजीत जगज्जेती झाली आहे. सांगलीत लहानाची मोठी झालेली स्मृती मानधना घराघरांत माहीत आहे. तेव्हा लोकांनी हसण्याऐवजी एवढेच विचारले, "कुठनं आलाय? कितवा नंबर?"

सपाटीवर सांगलीकर वहिनींनी राज्य केले. त्यांच्या मागे बसले की सायकल आपोआप चालल्यासारखी वाटे. मात्र आडोशात एक उणीव असते. मागच्या बाईला वारा लागत नाही हे खरे, पण तिला रस्ताही दिसत नाही. दिसते ते फक्त पुढचीचे मागचे चाक. जरंडेश्वराचा डोंगर कधी मागे पडला ते मला कळले नाही. माहुलीच्या पुलावर माझी पाळी पुढे होती, तेव्हा एकदम सगळे दिसले. खाली कृष्णेवर धुके, घाटाची दगडी पायरी, देवळांचे कळस, आणि तोंडावर असा गार वारा की डोळ्यांतून पाणी आले. हेच पाणी पुढे कराडवरून वहिनींच्या सांगलीला जाणार, असे मनात येऊन गेले तोवर मिनिट संपलेही.

वहिनींनी मिनिटाचा नियम त्या दिवशी एकदाच मोडला. पोवई नाक्यापासून समर्थ मंदिरापर्यंत रस्ता चढत जातो. तिथे त्या पुढे आल्या त्या बाजूला होईनात. डॉक्टरीणबाई मागून ओरडत होत्या, पण वहिनी वळून म्हणाल्या, "मला घाटात काय करायचंय? आत्ताच सगळं खर्चून टाकते!" राजवाड्यावरून त्यांनी आम्हांला अक्षरशः ओढत नेले आणि समर्थ मंदिराच्या चौकात बाजूला होऊन म्हणाल्या, "माझं झालं. व्हा पुढं." चौथीची वेळ धरत नाहीत हे लक्षात ठेवून त्या बाईने स्वतःला चौथी करून घेतले होते. निकालाच्या कागदावर त्यांच्या नावापुढे काय लिहिले आहे ते पाहून कुणाला याची कल्पना येणार नाही.

आणि घाट सुरू झाला.

घाटात एक मोठा फरक पडतो. वेग उतरतो, म्हणून वारा उरत नाही, आणि वारा नाही म्हणून आडोसाही नाही. सपाटीवर मैत्रीण तुमचे ओझे वाहू शकते, चढावर ज्याचे त्याने. आमचे आधीच ठरले होते की घाटात ज्या त्या गतीने जायचे. डॉक्टरीणबाई ठरल्याप्रमाणे मोजक्या पावलांनी पुढे गेल्या. मी माझ्या धापेत. आणि धाकटी माझ्या मागच्या चाकापाशी, हातभर मागे!

पहिल्या वळणावर मी म्हटले, "पुढे हो." ती म्हणाली, "तुम्ही चला मॅडम, मी आहे मागं." दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. खाली सातारा पसरत चालला होता, समोर अजिंक्यतारा आमच्या उंचीला येत होता, आणि तिच्या कोऱ्या सायकलचे सेकंद माझ्या मागे घरंगळत होते. तुमच्या-माझ्यासारख्या बाईला चढावर बोलण्याइतका श्वास नसतो. होता तेवढा एकवटून मी ओरडले, "पुढे हो म्हणते ना! नाहीतर उद्या हजेरी कापीन!"

कॉलेजातली आज्ञा कॉलेजातल्या मुलीला कळली. ती सीटवरून उठली, पायडलांवर उभी राहिली, आणि माझ्या शेजारून गेली. वाचकहो, मी वीस वर्षे शिकवते आहे. विद्यार्थी पुढे जाताना पाहिले आहेत, पण ते गुणपत्रिकेवर. असे प्रत्यक्ष, दोन हातांवरून, पोटऱ्यांतल्या शिरा दिसाव्यात इतक्या जवळून पुढे जाताना पहिल्यांदाच पाहिले. पुढच्या वळणाला ती डॉक्टरीणबाईंनाही मागे टाकून दिसेनाशी झाली.

मग घाटात मी आणि माझी धाप. शेवटच्या टप्प्यात उजव्या पोटरीत गोळा आला. उतरून सायकल हातात धरून चालायला नियमाची आडकाठी नव्हती, पण तिसरीच्या पायावर तिघींची वेळ चालली होती. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या मोजत मी चालले होते, तेवढ्यात वरून आवाज आला.

"ये! ये की! ये की गं, आपलं घड्याळ चाललंय!"

रेषा ओलांडून, सायकल कुणाच्या तरी हातात देऊन, धाकटी पळत खाली आली होती. रस्त्याच्या कडेने माझ्याबरोबर पळत होती आणि ओरडत होती. ‘या’ नाही, ‘ये’. ‘मॅडम’ नाही, ‘गं’. आदरार्थी अनेकवचनाचा तास मी दर वर्षी घेते, पण त्याचा असा निकाल लागलेला पाहिला नव्हता. आणि त्याहून माझ्या कानाला लागला तो तिसरा शब्द. ‘आपलं’. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत फार मोठे अंतर आहे. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. तीन महिने ती मुलगी मला ‘तुमची वेळ’, ‘तुमचा संघ’ असे म्हणत आली होती. पोटरीतला गोळा तसाच ठेवून मी शेवटची शंभर पावले कशी गेले ते मला सांगता येणार नाही. घड्याळ थांबले.

सात संघांत आम्ही चौथ्या आलो. तिसरीसाठी घड्याळ थांबवणाऱ्या शर्यतीत चौथा नंबर, याला काय म्हणावे ते तुम्हीच ठरवा. आणि घाटाची राणी झाली कराडकडची एक मुलगी. आमची धाकटी दुसरी आली. फरक नऊ सेकंदांचा होता.

ते नऊ सेकंद कुठे गेले, हे मला माहीत आहे आणि तिलाही. पहिल्या आणि दुसऱ्या वळणाच्या मध्ये ते अजून पडलेले असतील. "तुम्ही चला मॅडम, मी आहे मागं," या वाक्याची किंमत एक सायकल. दुसऱ्या क्रमांकाला हेल्मेट आणि प्रशस्तिपत्र मिळाले. ती मांडवात हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती आणि समोर उभ्या केलेल्या त्या निळ्या सायकलकडे बघत होती. वहिनींनी तिच्या हातावर कंदी पेढा ठेवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नऊ सेकंद. पुढच्या वर्षी." आम्ही कुणी तिचे सांत्वन केले नाही. तिला ते नकोही होते.

सोमवारी तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. "मॅडम, काल घाटात तोंडातून काहीतरीच गेलं." मी म्हटले, "वर्गात ‘अहो’च म्हण. रस्त्यावर जे गेलं तेच चालेल." ती हसली. मग जाता जाता दारात थांबली आणि म्हणाली, "मॅडम, पुढच्या जानेवारीत मी वळणावर थांबायची नाही."

आदर म्हणजे मागे राहणे, असा आपल्याकडे एक समज आहे. मुलींच्या बाबतीत तो जरा जास्तच घट्ट आहे. थोरांच्या मागे, भावाच्या मागे, मग आणखी कुणाच्या मागे. मागे राहण्यात सुख असते, वारा लागत नाही. पण पाय असलेल्या मुलीने आपल्या गुरूमागे हातभर राहिल्याने गुरूचा वेग वाढत नाही, मुलीचा मात्र कमी होतो. खरा आदर असेल तर तिने पुढे जावे, वर पोचावे, आणि मग परत फिरून कडेने पळत यावे. त्या पळण्याइतका मान मला कुठल्या नमस्काराने आजवर मिळालेला नाही.

दसऱ्यापासून आमचा सराव पुन्हा सुरू झाला आहे. धाकटीने सुट्टीत शिकवण्या करून एक जुनी, पण स्वतःची सायकल घेतली आहे. सांगलीकर वहिनी आता चढालाही भीत नाहीत, नुसत्या शिव्या देतात. डॉक्टरीणबाई अजून मिनिटाचे घड्याळ लावतात. आणि तिसरीची जागा कुणी मागितलेली नसल्यामुळे ती माझ्याकडेच आहे.